पावणेआठ की त्र्याऐंशी?

नागपूर जिल्ह्यातल्या आमच्या कन्हानमध्ये शेअर बाजार आला तो कोल इंडियाचं बोट धरून. ऑक्टोबर 2010 मध्ये कोल इंडियाचा शेअर 245 रुपयांनी विक्रीला निघाला. कर्मचाऱ्यांसाठी राखीव वाटा होता, वर पाच टक्के सूट होती. कामठी, इंदर, गोंडेगावच्या खदानींत काम करणाऱ्या कित्येकांनी जन्मातलं पहिलं डीमॅट खातं तेव्हा उघडलं. पाठोपाठ मॉइलचा शेअर आला, 375 रुपयांनी. मनसरची मँगनीजची खदान आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे तोही घरचाच वाटला. मी त्या काळी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होते. शेअर म्हणजे काय हे वर्गात सांगताना पुस्तक उघडायची गरज उरली नव्हती, निम्म्या पोरांच्या घरी तो विषय जेवताना निघत होता.

निवृत्तीनंतर मी लोकांचे आयकर रिटर्न भरून देते. जून-जुलैत फॉर्म सोळा घेऊन आलेला माणूस काम उरकलं की खिशातून मोबाइल काढतो आणि एखाद्या शेअरचा भाव माझ्यापुढे धरतो. मे 2023 मध्ये कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार झाला, त्याची थकबाकी हातात पडली, तेव्हापासून हे फार वाढलं. ग्रॅच्युइटी आणि सीएमपीएफचे, म्हणजे कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचे, पैसे घेऊन निवृत्त होणारे तर रोजचेच. यंदा त्या मोबाइलवर सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं नाव बँक ऑफ महाराष्ट्रचं. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: "मॅडम, पीई आठच्या आत हाय म्हणते. मोठ्या प्रायव्हेट बँका वीसच्या घरात हायेत. मंग हे तर फुकटातच झालं ना?"

मी सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही. घ्या किंवा विका असं कुणाला सांगत नाही. हिशेब मात्र करून दाखवते, आणि या बँकेचा हिशेब मला गेल्या काही वर्षांत पाहिलेल्या सगळ्या हिशेबांपेक्षा रंगतदार वाटतो.

आधी नाव. पुण्यात 1935 च्या सप्टेंबरात नोंदणी झालेली आणि फेब्रुवारी 1936 मध्ये दार उघडलेली ही बँक. वामन गोविंद काळे आणि डी. के. साठे हे तिचे संस्थापक. जुलै 1969 मध्ये ज्या चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यांत ही होती. आज देशभर शाखा असल्या तरी सगळ्यात दाट जाळं महाराष्ट्रातच आहे, आणि आपल्याकडे लोक तिला 'महाबँक' म्हणतात ते उगाच नाही. महाराष्ट्राच्या भूमीशी इतकी बांधलेली आणि तरीही शेअर बाजारात विकत घेता येणारी सरकारी बँक दुसरी नाही. जिल्हा मध्यवर्ती बँकांचे शेअर बाजारात नसतात. ग्रामीण बँकेचेही नसतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक तर 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळून गेली, आणि या नव्या ग्रामीण बँकेची पालक बँक म्हणजे पुन्हा महाबँकच.

आता हिशेब. 2024-25 या वर्षात बँकेला सुमारे 5,520 कोटी रुपये निव्वळ नफा झाला. मार्च 2025 अखेर बँकेचे शेअर होते सुमारे 769 कोटी. भाव आपण सोयीसाठी 55 रुपये धरू; 2025 मध्ये तो त्याच्या वर-खाली फिरत राहिला. 55 गुणिले 769 म्हणजे सगळ्या बँकेची किंमत झाली 42,300 कोटींच्या आसपास. तिला नफ्याने भागलं की येतात 7.7, म्हणजे पावणेआठ. हाच तो पीई. बँक दरवर्षी एवढाच नफा कमवत राहिली तर पावणेआठ वर्षांत आपली किंमत भरून निघेल, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या कोल इंडियावाल्यांना हे गणित पाठ आहे, आणि कोल इंडियासारख्या कंपनीला ते बऱ्यापैकी लागूही पडतं, कारण तिच्या नफ्यात चढउतार असले तरी शेअर बाजारात आल्यापासून तिने वर्षामागून वर्ष तोटा दाखवलेला नाही.

पण संत्र्याची बाग विकत घेताना यंदाचा मृग बहार जोरदार आला म्हणून कुणी तेवढ्यावर भाव ठरवतं का? झाडांवर कोळशी कधी आली होती, गारपिटीत किती गेलं, दुष्काळात किती झाडं वाळली, हे विचारल्याशिवाय काटोलचा शेतकरी एकराचा आकडा तोंडातून काढत नाही. म्हणून पुढच्या माणसाला मी 2024-25 च्या मागची नऊ वर्षं कागदावर लिहून देते.

2015-16 मध्ये नफा 101 कोटी. 2016-17 मध्ये तोटा 1,373 कोटी. 2017-18 मध्ये तोटा 1,146 कोटी. 2018-19 मध्ये तोटा 4,784 कोटी. मग 389 कोटी नफा, 550 कोटी, 1,152 कोटी, 2,602 कोटी, 4,055 कोटी, आणि शेवटी ते 5,520. तीन तोट्यांची बेरीज 7,300 कोटींच्या वर जाते. दहा वर्षांचा सगळा जमाखर्च मांडला तर हातात राहतात सात हजार कोटींच्या जरा वर, म्हणजे वर्षाला सरासरी 707 कोटी.

अनेक वर्षांची सरासरी घ्या असं सांगणारा पहिला मोठा माणूस बेंजामिन ग्रॅहम. डेव्हिड डॉड यांच्याबरोबर 1934 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने बजावलं की एका वर्षाच्या नफ्यावर शेअरची किंमत ठरवू नका, पाच, सात, दहा वर्षांचा सरासरी नफा बघा. 1929 ची पडझड ताजी होती, त्यामुळे ऐकणारे होते. पुढे 1988 मध्ये रॉबर्ट शिलर आणि जॉन कॅम्पबेल यांनी त्यात महागाईची दुरुस्ती घातली: दहा वर्षांचा प्रत्येक नफा आजच्या रुपयांत, त्यांच्या बाबतीत डॉलरमध्ये, बदलून घ्यायचा आणि मग सरासरी काढायची. शिलर यांना 2013 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकेच्या बाजारासाठी हा आकडा 1999 च्या अखेरीस 44 पर्यंत चढला होता, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथला बाजार कसा कोसळला ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे आयआयएम अहमदाबादच्या अभ्यासकांनी सेन्सेक्ससाठीही असं गुणोत्तर काढलेलं आहे.

महागाईची दुरुस्ती कशाला, हे कन्हानमध्ये समजावून सांगावं लागत नाही. कोळसा कामगाराच्या पगारात दर तीन महिन्यांनी बदलणारा महागाई भत्ता असतो आणि तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला असतो. नोकरीत असताना निर्देशांक किती अंकांनी वाढला हे इथला माणूस चहाच्या टपरीवर सांगू शकतो. निवृत्त झाला की मात्र 1998 च्या कोळसा खाण पेन्शन योजनेतली पेन्शन सुरू होते, आणि तिला महागाई भत्ता जोडलेला नाही. ठरलेली रक्कम ठरलेलीच राहते. दहा वर्षांपूर्वीचे शंभर रुपये आणि आजचे शंभर रुपये एका ओळीत लिहून त्यांची बेरीज करणं किती खोटं असतं, हे या पेन्शनरांइतकं कुणालाच कळत नाही. बँकेच्या नफ्याच्या बाबतीत मात्र तेच लोक ती बेरीज सहज करून टाकतात.

तर दुरुस्ती करू. किरकोळ महागाईचा वार्षिक दर 2016-17 ला साडेचार टक्के होता, मग 3.6, 3.4, 4.8, 6.2, 5.5, 6.7, 5.4 आणि 2024-25 ला 4.6. हे दर एकावर एक गुणत मागे गेलं की 2015-16 चा एक रुपया म्हणजे 2024-25 चा सुमारे 1 रुपया 55 पैसे होतो. 2018-19 चा रुपया 1 रुपया 38 पैशांचा होतो. आता गंमत अशी की या बँकेचे तोटे जुने आहेत आणि मोठे नफे नवे. महागाईने जुने आकडे फुगतात. म्हणजे 4,784 कोटींचा तोटा आजच्या रुपयांत 6,600 कोटींचा होऊन बसतो, आणि 5,520 कोटींचा नफा आहे तिथेच राहतो. चांगल्या कंपनीत ही दुरुस्ती जुने नफे वाढवून सरासरी वर नेते, इथे ती खाली ओढते. दहा वर्षांची महागाईसह बेरीज माझ्या हिशेबात 5,060 कोटींच्या आसपास येते. वर्षाला 506 कोटी. आजच्या 769 कोटी शेअरांत वाटले तर शेअरमागे 66 पैसे. 55 रुपयांना 66 पैशांनी भागा: त्र्याऐंशी.

इथे समोरचा माणूस खुर्चीत मागे टेकतो. एकच बँक, एकच दिवस, एकच भाव. एका मापाने पावणेआठ, दुसऱ्याने त्र्याऐंशी. "मंग खरं कोनतं?"

दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींवरही जसंच्या तसं विसंबता येत नाही. पण का, ते सांगायचं तर कर्ज म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागते.

कोळसा विकला की पैसे आले आणि व्यवहार संपला. नफा झाला की नाही ते त्याच वर्षी कळतं. बँकेचं तसं नसतं. बँक आज दहा वर्षांच्या मुदतीचं कर्ज देते, पहिल्या वर्षापासून त्यावरचं व्याज उत्पन्नात धरते, आणि मुद्दल परत येणार की नाही हे सात-आठ वर्षांनी कळतं. म्हणजे बँकेचा यंदाचा नफा हा निम्मा हिशेब असतो आणि निम्मा अंदाज. 2009 ते 2014 या काळात देशातल्या सरकारी बँकांनी वीज, पोलाद, रस्ते यांना भरभरून कर्जं दिली. त्या वर्षांतले महाबँकेचे नफे पाहा: 2009-10 मध्ये 440 कोटी, 2012-13 मध्ये 760 कोटी. महागाई धरून आजच्या रुपयांत ते हजार-चौदाशे कोटींच्या घरात जातात. कागदावर छान वर्षं. सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोनशेहून अधिक कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं. ज्या वीज प्रकल्पांचा कोळसाच गेला त्यांची कर्जं बँकांच्या वहीत तशीच चांगली म्हणून उभी होती. आमच्या भागात कोळशाची बातमी आधी पोचते, म्हणून आठवतं: तेव्हा इथे चर्चा खदानी कुणाला मिळणार याची होती, बँकांचं काय होणार याची कुणी केली नाही.

मग 2015 मध्ये रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या वह्या तपासायला घेतल्या. पुनर्रचनेच्या नावाखाली झाकलेली कर्जं उघडी करायला लावली आणि त्यांच्यापोटी तरतूद करायला लावली. महाबँकेची थकीत कर्जं मार्च 2018 मध्ये एकूण कर्जांच्या 19.48 टक्क्यांवर गेली, म्हणजे दिलेल्या पाच रुपयांपैकी जवळजवळ एक. त्याआधीच, जून 2017 मध्ये, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर तातडीच्या सुधारणांची बंधनं घातली होती. ती उठली 31 जानेवारी 2019 ला. म्हणजे 2016-19 चे जे तोटे आपण वर मांडले, ते त्या वर्षांचे नव्हतेच. ते 2009-14 च्या नफ्यांतून वजा व्हायला हवे होते. नफा आधी वाटला गेला, तोटा नंतर लिहिला गेला.

म्हणून मला वाटतं, बँकेसाठी अनेक वर्षांची सरासरी इतर कंपन्यांपेक्षा जास्त गरजेची आहे. फक्त दहा हा आकडा पोथीतला म्हणून घेऊ नये. कर्ज देण्याचा जोर, ते बुडणं, वही साफ होणं आणि पुन्हा सुरुवात, हे सगळं ज्या काळात मावतं तेवढा काळ घ्यायला हवा. 2016 ते 2025 ही खिडकी लावली तर बुडण्याचं सगळं दुःख आत येतं आणि त्याआधीचे नफे बाहेर राहतात. वीस वर्षं घेतली तर दोन्ही आत येतात. मी तो हिशेबही केला आहे: 2005-06 पासूनची वीस वर्षं आजच्या रुपयांत मांडली तर वार्षिक सरासरी सातशे कोटींच्या आसपास निघते. आजच्या 769 कोटी शेअरांवर ती साधारण नव्वद पैसे होते आणि गुणोत्तर साठीच्या घरात राहतं. त्र्याऐंशीपेक्षा बरं, पण पावणेआठच्या गावालाही जात नाही.

इतका वेळ मी एक गोष्ट बाजूला ठेवली होती. मार्च 2016 मध्ये या बँकेचे शेअर होते सुमारे 117 कोटी. आज 769 कोटी. मधल्या काळात तोट्याने खाल्लेलं भांडवल सरकारने भरून दिलं आणि त्या बदल्यात नवे शेअर घेतले. ऑक्टोबर 2024 मध्ये बँकेने मोठ्या संस्थांना शेअर विकून आणखी 3,500 कोटी उभे केले. 2016 मध्ये ज्याच्याकडे हजार शेअर होते त्याच्याकडे आजही हजारच आहेत, पण बँकेतला त्याचा वाटा पूर्वीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी झाला. शिलर यांची पद्धत शेअरमागे नफा धरते, आणि त्या त्या वर्षीच्या शेअरसंख्येने भागायचं म्हटलं तर इथे दहा वर्षांची सरासरी शून्याच्याही खाली जाते, कारण तोटे थोड्या शेअरांवर पडले आणि नफे पुष्कळ शेअरांत वाटले गेले. त्र्याऐंशी हा आकडा निघाला तोच मुळी मी जुने तोटे आजच्या शेअरसंख्येवर पसरले म्हणून. आज नव्याने घेणाऱ्याला हे चालतं, तो आजच्या 769 कोटींतला वाटेकरी होतोय. जुन्या भागधारकाला हा हिशेब दाखवू नये, त्याला तो थट्टा वाटेल.

जुना भागधारक म्हटल्यावर 2004 आठवतं. तेव्हा सरकारने या बँकेचा शेअर पहिल्यांदा लोकांना विकला, 23 रुपयांनी. मार्च 2020 मध्ये, सोळा वर्षांनी, तो दहा रुपयांच्याही खाली मिळत होता. 2025 मध्ये 55 च्या आसपास. दुपटीहून जास्त झाला की! पण ज्या निर्देशांकावर आमच्या कामगारांचा महागाई भत्ता मोजतात तो मार्च 2004 पासून मार्च 2025 पर्यंत जवळपास पावणेचारपट झाला. 2004 चे 23 रुपये आजच्या रुपयांत 87 होतात. मधल्या काळात लाभांश मिळाले ते वेगळे, आणि काही वर्षी ते बरे होते. पण भावापुरतं बोलायचं तर एकवीस वर्षांनंतरही खरीखुरी किंमत जिथून निघाली तिथे पोचलेली नव्हती. महागाईचा विचार न करता हा तक्ता बघणाऱ्याला फायदा दिसतो.

मग आज घेणाऱ्याने धरायचं काय? मी एक तिसरा रस्ता वापरते. तो शिलर यांच्या कल्पनेतूनच निघतो, पण बँकेच्या अंगाने जातो. नफ्याची सरासरी काढण्याऐवजी बुडीत कर्जाची सरासरी धरायची आणि ती आजच्या आकाराच्या बँकेला लावायची.

2024-25 मध्ये तरतुदी आणि कर वजा करण्याआधी बँकेचा चालू नफा सुमारे 9,300 कोटी होता. दिलेली कर्जं होती 2.40 लाख कोटींच्या आसपास. आता समजा, चांगली-वाईट सगळी वर्षं मिळून दरवर्षी सरासरी दोन टक्के कर्ज बुडतं. म्हणजे 4,800 कोटी. उरले 4,500 कोटी. त्यावर पूर्ण दराने, साधारण पंचवीस टक्के, कर लावा. इथे मी मुद्दाम पूर्ण दर धरते, कारण धंद्यातला जुना तोटा आयकरात आठ वर्षं पुढे ओढता येतो आणि मोठ्या तोट्यातून वर आलेल्या कंपनीला काही वर्षं कर कमी भरावा लागतो. ती सवलत कायमची नसते. वार्षिक अहवालात निव्वळ नफ्याच्या वरच कराची ओळ असते, ती न वाचता कुणी बँकेचा शेअर घेऊ नये. तर कर गेल्यावर उरतात सुमारे 3,375 कोटी, शेअरमागे चार रुपये चाळीस पैशांच्या आसपास. 55 ला त्याने भागलं तर साडेबारा.

साडेबारा हा आकडा मला पटण्यासारखा वाटतो. पण लगेच पुढची ओळ लिहून बघा. बुडीत कर्ज दोनऐवजी तीन टक्के धरलं तर? 7,200 कोटी गेले, 2,100 उरले, करानंतर 1,575, शेअरमागे दोन रुपये पाच पैसे. गुणोत्तर सत्तावीस! एका टक्क्याच्या फरकाने किंमत दुपटीहून महाग झाली. आणि हा एक टक्का असा आहे की तो आधी कुणालाच दिसत नाही, ना बँकेच्या अध्यक्षांना, ना रिझर्व्ह बँकेला. मार्च 2025 मध्ये बँकेची थकीत कर्जं 1.74 टक्के होती, ठेवींपैकी निम्म्याहून जास्त कमी व्याजाच्या बचत आणि चालू खात्यांत होत्या. आकडे उत्तम आहेत, यात शंका नाही. मी स्वतः या घडीला अनेक सरकारी बँकांपेक्षा ही वही जास्त स्वच्छ मानते. 2012-13 लाही आकडे वाईट नव्हते.

आणखी एक बाब बहुतेक जण सोडून देतात. महागाई बँकेचा नफा दोन वेळा खाते. एकदा आपण वर पाहिलं तसं, जुने आकडे आजच्या रुपयांत बदलताना. दुसऱ्यांदा भांडवलात. बँकेकडे जमीन-यंत्र नसतं, तिच्या तिजोरीत असतात रुपयांत फेडायची वचनं. महागाई पाच टक्के असेल तर तोच ट्रक, तेच घर, तीच विहीर घ्यायला पुढच्या वर्षी पाच टक्के जास्त कर्ज लागतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तेवढं जास्त भांडवलही. म्हणजे बँक जागेवर उभी राहायची तरी नफ्यातला एक तुकडा भांडवलात घालावाच लागतो. तो तुकडा लाभांश म्हणून कधी हातात येत नाही. 2024-25 साठी महाबँकेने शेअरमागे दीड रुपया लाभांश दिला. 55 रुपयांवर पावणेतीन टक्के. सात रुपयांहून जास्त नफा आणि दीड रुपया हातात, यातलं अंतर वाढीसाठी आहे हे खरं, पण त्या वाढीतला काही भाग नुसता महागाईची बरोबरी करण्यात जातो.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण हे सगळं ऐकून म्हणतात, मग मॅडम, एफडीच बरी. एफडीवर मी वेगळं भांडते. तिथलं व्याज कर आणि महागाई वजा जाता बहुतेक वर्षी शून्याच्या आसपास उतरतं, आणि नागपूर जिल्ह्यात 2002 साली उघड झालेल्या मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्यानंतर 'बँकेतला पैसा म्हणजे सुरक्षित' हे वाक्य इथे कुणी पूर्ण खात्रीने बोलत नाही. शेअर घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पावणेआठ बघून स्वस्त म्हणू नका, एवढंच.

शिलर यांची पद्धत एकट्या शेअरला लावण्यात जी खोट आहे, तीही सांगितली पाहिजे, कारण काही वर्षांत ती उलट्या बाजूने फसवणार आहे. ती मुळात सगळ्या बाजारासाठी बनलेली. बाजारात एक बुडतो तेव्हा दुसरा तरतो, म्हणून सरासरीला अर्थ असतो. एका बँकेच्या बाबतीत दहा वर्षांच्या खिडकीतून एकच वाईट वर्ष आत आलं किंवा बाहेर गेलं की सगळं चित्र बदलतं. महाबँकेचं 2018-19 हे वर्ष मार्च 2028 पर्यंत खिडकीत राहील. मार्च 2029 च्या ताळेबंदानंतर खिडकी 2019-20 पासून सुरू होईल आणि तिन्ही तोटे दिसेनासे झालेले असतील. समजा तोवर बँकेने 2024-25 पेक्षा एक रुपयाही जास्त कमावला नाही, महागाई धरून तेवढ्याच नफ्यावर अडकून राहिली, आणि आजच्या रुपयांत भावही 55 च राहिला. तरी दहा वर्षांची सरासरी 506 कोटींवरून 3,700 कोटींच्या वर उडी मारेल, आणि त्र्याऐंशीचं गुणोत्तर अकरावर येईल. त्या वर्षी कुठल्या तरी अॅपवर हा शेअर 'दीर्घकालीन नफ्याच्या तुलनेत स्वस्त' या यादीत झळकेल. आज ज्यांना तिशीत नोकरी लागली आहे तेही तो मोबाइल कुणापुढे तरी धरतील. तेव्हा 2022 पासून जोरात दिलेली कर्जं सात-आठ वर्षांची झालेली असतील, म्हणजे कोणतं फिटतंय आणि कोणतं नाही हे नेमकं कळायला लागण्याच्या वयाची.